उधाणाच्या आदल्या दिवशी

प्रिय अथमानी,

केशराच्या शाईने लिहितेय, आजारी माणसाला धुऊन प्यायला आयत लिहून देतात तसं. वाचून झालं की कागद मडक्यातल्या पाण्यात धू आणि ते पाणी पिऊन टाक. पहारेकऱ्याने विचारलं तर खांद्याच्या जखमेवर औषध आहे म्हणून सांग. बी झुहूरा हे पत्र वितुंबुआंच्या, तांदळाच्या गोड वड्यांच्या टोपलीत तळाशी घालून आणतील. आपल्या गुरुबाईंची टोपली उपसून बघायची छाती आमच्या किन्यासीत कुणाला नाही, तुमच्या उबूरीतही नसेल. मी स्वतः दोनदा, तुला कोंडलंय त्या किल्ल्याच्या दारापर्यंत आले. दोन्ही वेळा पहारेकऱ्यांनी मला हसून परत पाठवलं. "तुझं काम उद्या, पोरी. आज आराम कर."

बाहेर नगारे चाललेत. बाबा ओट्यावर बसून येईल त्याला कॉफी पाजताहेत आणि माझ्या पराक्रमाची गोष्ट सांगताहेत. दर वेळी त्या गोष्टीत तुमच्या होड्या वाढतात. मी आत डोकं दुखतंय म्हणून पडले आहे. ते काही खोटं नाही. पाणी ओढल्यावर कानामागे जी कळ येते ती अजून गेलेली नाही. तुला ती किती वेळ राहते? हे मी तुला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "कळ? कसली कळ? ती हरणाऱ्यांना येते."

बी झुहूरांच्या बेटावर पहिल्या दिवशी तू मला काय म्हणालास, आठवतं? मी ओंजळीएवढं पाणी वाळूवरून वर चढवलं होतं, घामाघूम होऊन, आणि तू नारळाच्या झाडाला टेकून म्हणालास, "छान. आता यात पाय धुता येतील, एक." तेव्हापासून मी ठरवलं की या उबूरीच्या शहाण्याला एकदा तरी धूळ चारायची. तू भरती थोपवलीस की मी ओहोटी थोपवायची, तू रात्रभर सराव केलास की मी पहाटेपासून. तू मला खेकडी म्हणायचास, कारण मी वाकडी चालते म्हणे. मी तुला सुलतानाचा बोका म्हणायचे. सगळे हसायचे, बी झुहूरा मात्र नाही. त्या म्हणायच्या, "भांडा, पण लक्षात ठेवा, पाण्याच्या दोन टोकांना दोघं असली की एकाचा हात दुसऱ्याला कळतो."

वर्षारंभाच्या स्पर्धेत आपण दोघांनी एकच लाट दोन बाजूंनी धरली होती. माझ्या नाकातून रक्त आलं आणि तू हात सोडून धावत आलास. स्वतःच्या कमरेला गुंडाळलेल्या किकोईच्या टोकाने माझं नाक पुसलंस आणि वर दम दिलास, "कुणाला सांगू नकोस हं. मी जिंकत होतो." त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतःला सांगितलं की रागाने आली नाही.

मग तुमच्या सुलतानाला आमचं बंदर हवंसं झालं. बी झुहूरांनी आपल्याला आपापल्या गावी धाडलं. जेट्टीवर तू म्हणालास, "समोरासमोर आलो तर हात सैल सोडू नकोस, खेकडे. मला अपमान सहन होत नाही." मी म्हटलं, "स्वप्नातसुद्धा सोडणार नाही." एवढंच बोललो आपण. बाकी जे बोलायचं होतं ते दोघांनीही गिळलं.

त्या सकाळी तुमच्या होड्या पुळणीला लागल्या तेव्हा मी मशिदीच्या गच्चीवर होते. पंचांतले वयोवृद्ध म्झे शेकुवे माझ्या शेजारी उभे. ते म्हणाले, "आत्ता ओढ." मी ओढलं. होड्यांखालचं पाणी सरसर मागे गेलं, त्या चिखलात कलंडल्या, आणि आमचे भालेवाले ओरडत खाली धावले. तेवढ्यात मला दुसऱ्या टोकाला तुझा हात लागला. अंगावर काटा आला, अथमानी. तू पाणी परत आणत होतास, आणि तू माझ्यापेक्षा जोरकस होतास. हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. आणखी दोन श्वास, आणि तुमच्या होड्या तरंगल्या असत्या.

आणि तू हात सोडलास.

किन्यासीत सगळे म्हणतात, तातूने त्याला हरवलं. पण मी गच्चीवरून तू बघत होतास तिकडेच बघितलं. खाडीपलीकडच्या वस्तीतल्या बायका, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पाणी हटलेलं बघून किल्ल्याच्या आसऱ्याला वाळूवरून पळत येत होत्या. अगदी मधोमध होत्या. माझी मोठी बहीण त्यांच्यात होती, पोटुशी. तू पाणी आणलं असतंस तर तुमची माणसं वाचली असती आणि त्या बायकांतली एकही काठाला लागली नसती. तू आपल्या माणसांकडे पाहिलंस, त्यांच्याकडे पाहिलंस, आणि सोडलंस. नंतर चिखलात गुडघे टेकून बसून राहिलास, आमचे लोक येईपर्यंत.

मी हे पंचांना सांगितलं. सगळं, एक शब्द न गाळता. म्झे शेकुवे ऐकून घेऊन म्हणाले, "शत्रूचं मन तुला कसं गं कळलं?" आणि बाकीचे एकमेकांकडे बघून मिशीत हसले. माझी बहीण उभी राहिली, तर तिला म्हणाले, तू दमली आहेस, घरी जा. मग निकाल सांगितला. उद्या सकाळच्या ओहोटीला तुला पुळणीपुढच्या खांबाला बांधायचं. उधाणाची भरती आहे, दुपारी पाणी डोक्यावरून जाईल. तू ते परतवशील ही त्यांना भीती, म्हणून पाणी आणायला मी. सगळं गाव बघायला येणार. मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तुझा निरोप मला मिळाला. पहारेकरी चौकात हसत हसत सांगत होता, "कैदी म्हणतो, खेकडीला सांगा, मागच्या वेळी सोडलं, उद्या सोडणार नाही." लोकांना वाटलं, मरतानाही मस्ती जात नाही. मला तू काय करणार आहेस ते कळलं. तू उद्या पाणी लांब अडवून धरशील, वाळू कोरडी राहील, आणि भालेवाले चालत येऊन तुला संपवतील. तुझा जीव माझ्या हातून जाऊ नये म्हणून. हो ना? किती शहाणा समजतोस स्वतःला!

म्हणून हे लिहायला बसले. उद्या अडवू नकोस, अथमानी. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी भांडू नकोस. पाणी गळ्याशी येईल तेव्हा मोठा श्वास घे आणि हात सैल सोड. वरून ते बुडवणारं पाणी दिसेल, खालून मी खांबाच्या बुडाची वाळू उकरत असेन. खांब उखडला की ओढ तुला तिवरांच्या मागे नेईल. तिथे बी झुहूरा होडी घेऊन असतील, दोर कापायला सुरी त्यांच्या कमरेला. तू अडवलंस तर पाणी आपल्या दोघांमध्ये अडकेल आणि मला खालपर्यंत पोचता येणार नाही. खांब हलला की सगळ्यांना कळेल कुणी हलवला. त्याच क्षणी मीही पुळणीवरून उडी टाकणार आहे. बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला थांबवतील, आणि मी कदाचित थांबेन. उत्तरेचा वारा सुटलाय, दक्षिणेला आपल्याला कुणी ओळखत नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला तुझ्याकडे काही कारण नाही, एवढंच की त्या दिवशी दुसऱ्या टोकाला मी होते आणि तुझा हात मला कळला. उद्या माझा तुला कळू दे.

तुझीच खेकडी,
तातू