एका नमुन्याची फांदी

४ ऑक्टोबर

दुपारी पोचले. खोली पाहून बरं वाटलं. खिडकी मोठी, समोर टेकडी, ऊन थेट पलंगापर्यंत येतं. भिंतींना नवा रंग आहे आणि वर पांढऱ्या फळ्यांचं नवंकोरं छत. ही माझ्या धाकट्या भावाची खोली. तो इथल्या विषाणू संस्थेत गोचिडी गोळा करायचा. उन्हाळ्यात तापाने गेला. त्याच्या जागेवर अनुकंपेने मला घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं नळ्या धुतल्यात, इथेही धुवीन.

कपाटात त्याचे लांब पांढरे मोजे होते. जोडी जोडीने घडी करून, त्यावर चिकटपट्टीचं भेंडोळं. डोंगरावर जाताना तो विजार मोज्यात खोचून वरून पट्टी लावायचा. सगळं तसंच ठेवलं.

आईला फोन केला. खोली छान आहे, हवेशीर आहे म्हटलं. तिने जेवण झालं का ते विचारलं आणि मग नेहमीचंच. कशाने गेला ते तिथे कुणाला कळलं का? दवाखान्याच्या कागदावर 'अज्ञात ताप' एवढंच आहे. तिला ते पटत नाही. मलाही.

६ ऑक्टोबर

काम सोपं आहे. पांढरं जाड कापड दोरीला बांधून गवतावरून ओढायचं. गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय वर करून बसलेली असते, एसटीला हात दाखवावा तशी. आपल्या श्वासाचा वास आला की हलते. कापडाला चिकटली की चिमट्याने नळीत.

पुढचं संस्थेच्या प्रमुख साहेबांनी स्वतः समजावलं. देशभर गोचिडीतला विषाणू एकच, पण प्रत्येक डोंगरावर तो थोडा थोडा बदलत गेलाय. त्याच्या जनुकांची अक्षरं यंत्रावर वाचायची, कोणाची कोणाशी जुळतात ते पाहायचं, की वंशवृक्ष तयार. शेजारचे डोंगर शेजारच्या फांद्यांवर. कुणाला ताप आला तर त्याच्या रक्तावरून सांगता येतं की गोचीड कुठल्या डोंगरावर चावली. साहेबांच्या भिंतीवर हा वृक्ष रंगीत छापून लावलाय. मला पहिल्या वाक्यात कळलं होतं. ते मात्र बोलत राहिले, जणू विषाणू त्यांनीच लहानाचा मोठा केला. गोचीड वर्षानुवर्षं उपाशी राहू शकते, हेही त्यांनीच सांगितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी टाळी वाजवावी.

माघारी सगळे त्यांना वटवृक्ष म्हणतात. खाली गवतही उगवत नाही म्हणून.

९ ऑक्टोबर

धीर करून विचारलं की माझ्या भावाचं रक्त वृक्षावर कुठे आहे. साहेबांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले की ते कुठल्याच फांदीवर बसेना, म्हणून काढून टाकलं. नळीत काहीतरी मिसळलं असणार.

मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"एक नमुना म्हणजे चूक, बाई. दोन सारखे मिळाले तर फांदी."

शिवाय तो निष्काळजी होता, मोजे न घालता गेला असेल, असंही म्हणाले. कपाटातल्या घड्या आठवल्या. या माणसाच्या खणात मोजे कसे असतील, तेही डोळ्यांसमोर आलं.

१५ ऑक्टोबर

भाऊ जिथे जिथे फिरला त्या सगळ्या टेकड्यांवर मी कापड ओढतेय. त्याच्याशी जुळणारी एक तरी गोचीड मिळाली की झालं. तो चूक नव्हता, एवढंच आईला सांगायचंय. यंत्रावर बसणारी मुलगी माझ्या नळ्या साहेबांच्या नळ्यांसोबत लावते. तिला मी यंत्रवाली म्हणते. ती म्हणाली, ताई, तुमच्याइतक्या गोचिडी तर म्हशीलाही मिळत नाहीत.

२३ ऑक्टोबर

काही जुळलं नाही. सगळ्या गोचिडी साहेबांच्या फांद्यांवर शहाण्या मुलांसारख्या जाऊन बसल्या.

आज परदेशी पाहुणे होते. साहेबांनी वृक्ष दाखवला. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मग आमच्या लोकांनीही डोलावल्या. नंदीबैल परवडले, त्यांना निदान कुणीतरी विचारतं.

संध्याकाळी गाडीवाला सांगत होता की उन्हाळ्याच्या तोंडावर मागचे पाहुणे आले, तेव्हा आमच्या राहत्या इमारतीचा काय थाट केला. छपरात वटवाघळं होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. वास येतो म्हणून साहेबांनी धूर करून हाकलली, भोकं सिमेंटने बुजवली आणि खालून पांढरं छत ठोकलं. गाडीवाला म्हणाला, वटवाघळांनी भाडं थकवलं होतं. मीही हसले.

जिन्यात हसू थांबलं. वटवाघळं गेली. त्यांच्या अंगावर जगणाऱ्या गोचिडींचं काय झालं? छत बसवल्यावर ही खोली कुणाला दिली ते मला माहीत आहे. तो आजारी कधी पडला तेही.

देशातला एकेक डोंगर चाळतात. स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते बघायला कुणाला मान वर करता आली नाही.

२४ ऑक्टोबर

रजा घेतली. पडदा ओढून खोलीत अंधार केला. कापड भिंतीलगत अंथरलं, छताची फट येते तिथे. खुर्चीत बसून नुसता श्वास घेत राहिले.

त्या आल्या. डोंगरावरच्यांसारख्या नाहीत. चपट्या, सुरकुतलेल्या, वाळक्या मनुकांसारख्या. फटीतून निघून भिंतीवरून खाली येत होत्या. मी श्वास रोखला. सगळ्या थांबल्या. एकदम, एकसाथ. श्वास सोडला. चालू लागल्या. पुन्हा रोखला. भिंत पुन्हा स्तब्ध.

पुढचे पाय मात्र वर होते. सगळ्यांचे, माझ्याकडे.

नळी भरली आणि साहेबांकडे नेली. ते म्हणाले, प्रकल्प डोंगरांचा आहे, घरातल्या किड्यांसाठी सफाईवाल्याला सांगा. माझ्यादेखत नळीत जंतुनाशक ओतलं. पाहुणे अजून संस्थेत होते ना.

२५ ऑक्टोबर

गुडघ्यामागे लाल ठिपके. खाजत नाहीत, दुखत नाहीत. किती जुने, कळत नाही. पहिल्या दिवसापासून मी त्याच पलंगावर झोपतेय.

दुसरी खोली मागितली. अर्ज करा म्हणाले. खालच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकली. आईला काही सांगितलं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर.

२८ ऑक्टोबर

अंग तापलंय. हिरड्यांतून रक्त. साहेब म्हणाले, सर्दी असेल. मी म्हटलं, तापाच्या माणसाचं रक्त तपासायचा नियम तुमचाच आहे. नळीवर स्वतःचं नाव घातलं.

३१ ऑक्टोबर

दवाखाना. काचेची खोली. इथून कागदसुद्धा बाहेर जात नाही, सगळं जाळतात. घसा बंद झालाय, शब्द फुटत नाही.

यंत्रवाली काचेपलीकडे आली. भोंग्यातून बोलली. जुळलं. भावाचं आणि माझं. अक्षरन्‌अक्षर.

तो चूक नव्हता.

साहेबही आले. आनंदात होते. देशातली नवी फांदी, म्हणाले. नाव काय द्यायचं यावर विचार चालू आहे, बहुधा स्वतःचंच देतील. कुठल्या डोंगरावरची ते पुढच्या दौऱ्यात शोधतील. डोंगरावरची! मी हाताने वर दाखवलं, छताकडे. त्यांना वाटलं मी देवाचं नाव घेतेय. मी वही उघडेपर्यंत हात जोडून गेले.

१ नोव्हेंबर

परिचारिकेने सांगितलं, संस्थेने कळवलं म्हणून आई आलीये. मला बघायला. काल संध्याकाळीच. काचेपाशी आज सोडतील.

काल संध्याकाळी. मग झोपली कुठे—

परिचारिका म्हणते काळजी नको. साहेबांनी स्वतः सोय केली. चांगला माणूस. तुमच्याच लेकरांची खोली म्हणून किल्ली दिली.

मी मान हलवली. नाही. नाही. वही पुढे केली, तिने ती बाजूला सारून उशी सरळ केली.

नंतर

भोंग्यातून आईचा आवाज. दिसत नाही नीट, डोळ्यांत रक्त. म्हणाली, "त्याचे मोजे उशाशी घेऊन झोपले गं. खोली छान आहे. हवेशीर. तू बरी होईपर्यंत तिथेच राहते."

ओठ हलवले. तिला वाटलं पाणी मागतेय.

गेली. विश्रांती घेते म्हणाली, खोलीवर.

परिचारिकांची फेरी येईल. मोठ्या अक्षरात लिहितेय, काचेला लावीन. हात—

आईला त्या खोलीतून

आईला छता