माझा आवाज, तिचा चेहरा

मेक्सिको सिटी

फिदेन्सियोदादा आणि गावच्या बँडमधल्या माझ्या सगळ्या भावांनो,

आपल्या डोंगरातलं संगीत या गोऱ्या शहरी लोकांना हवं असतं, आपली सावळी तोंडं नको असतात. तुम्हाला ते मेजवानीत अंगणात उभं करून वाजवायला लावतात. मला पडद्यामागे उभं करतात.

आईला सांगा, मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, इतकंच. वहिनीचं बाळंतपण नीट झालं ना?

नव्या सिनेमातली सगळी गाणी माझी. पडद्यावर ओठ हलवते ती गोरीपान नटी लुसिंदा. माझं नाव घाला म्हटलं, तर निर्माता हसला. "बाई, आरसा बघितलास का? तू तंबूतल्या नाटकातच शोभतेस!"

मी म्हटलं, "तंबूत निदान गाणारीचं तोंड दिसतं."

तेव्हापासून स्टुडिओचं फाटक मला बंद आहे. दादा, एवढं आईला वाचून दाखवू नकोस.

आता तीच लुसिंदा सिनेमा घेऊन आपल्या गावच्या चौकात येते आहे. टाळ्या घेत कलावंत लोकांपुढे वाकला, की तुम्ही 'दियाना' ही मानाची धून वाजवता. माझ्या पहिल्या गाण्याला तुम्हीच वाजवली होती. तो मान चोरलेल्या आवाजाला द्यायचा? निर्माता मेस्काल पाजेल, पाठ थोपटेल. भुलू नका. तिला शिव्याही देऊ नका, तीही पोटासाठीच ओठ हलवते.

पण टाळ्या पडल्या आणि ती वाकली, की एकानेही ट्रम्पेट ओठाला लावू नका.

तुमच्याच सुरात वाढलेली,
एर्मिनिया