गेलेल्याचं मत

अण्णा, तुम्हाला मी घराच्या मोजणीतून काढून टाकलं, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

एकलहऱ्याच्या कॉलनीत आपल्या घरी तुमच्या शब्दाशिवाय काही हलत नसे. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, एम.टेक.ला नंबर लागलेला, संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आणि तुम्ही वीज केंद्रात ड्यूटीवर. आई गॅसजवळ उभी, "ते येऊ देत, मग बघू." तुम्ही उशिरा आलात आणि बूट काढता काढता म्हणालात, "घरात एकानंच ठरवायचं असतं, नाहीतर पोरखेळ होतो. नोकरी बघ." जागा गेली. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले आणि केस पिकेपर्यंत शिकवत राहिले.

तुम्ही गेलात, तरी तुमचंच चालत राहिलं. आता मी इथेच, नाशिकमध्ये, एम.टेक. करतेय, वर्गातली पोरं मला ताई म्हणतात. विषय असा की अनेक संगणकांनी मिळून एक काम करायचं. जन्माचा मालक कुणी नाही, मुख्य संगणक ते आपसात निवडतात. अर्ध्याहून जास्त 'हो' म्हणाले की निर्णय पक्का. एखादा कायमचा बंद पडला तर त्याला रीतसर वगळावं लागतं, आणि वगळायलाही बहुमत लागतं. नाहीतर तो मोजणीत राहतो आणि उरलेले अडकून बसतात. हे शिकताना मला आपलंच घर दिसलं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नोकरी सोडायची होती. आई माझ्या बाजूची, दादा विरुद्ध, आणि दर वेळी आईच म्हणायची, "पण ह्यांनी नाहीच म्हटलं असतं गं." झालं, तुमचं मत धरून दोन विरुद्ध दोन.

एका रविवारी जेवताना मी दादाला विचारलं, "अण्णा आता नाहीत, हे तरी मान्य आहे ना?"

"हा काय प्रश्न झाला? आहे मान्य."

"आई, तुला?"

तिने पोळी वाढता वाढता मान हलवली.

"मग घरात तीनच मतं. तुझं सांग."

तिने दादाकडे पाहिलंच नाही. "सोड नोकरी. ह्यांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन."

दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही. नको बोलू दे. राजीनामा मी दिला, आणि तुम्ही असतात तर पोरखेळच म्हणाला असतात. म्हणा. प्रयोगशाळेत मी स्वतः मुख्य संगणकाची वायर काढते, बाकीचे क्षणभर थबकतात, आपल्यातला नवा मुख्य निवडतात आणि कामाला लागतात. मला दर वेळी आनंद होतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. तुमचं मत मला नको होतं असं नाही, अण्णा. मला ते एकदा 'हो' असं हवं होतं.