सातव्या खोक्यातला किडा

गुरुजी, तुमची खोकी गेली. चौदाच्या चौदा. किडे राहिले नाहीत, टाचण्या राहिल्या, आणि टाचण्यांना टोचलेल्या तुमच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या राहिल्या. ही गोष्ट मी काकूंना त्या होत्या तोवर सांगितली नाही, घरी बायकोला सांगितली नाही, आणि गेल्या साली हिंगोलीच्या बैठकीत, जिथं ती सांगायलाच हवी होती, तिथंही सांगितली नाही. तुम्हाला जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली. आता तुम्हाला सांगून कुणाचं भलं होणार नाही हे मला कळतं. तरी सकाळपासून कागद पुढं ओढून बसलोय.

तुमचं स्वयंपाकघर आधी आठवतं, शाळा नंतर. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडं उघडणारी ती खिडकी, चुलीशेजारी फळी, फळीवर काकूंच्या लोणच्याच्या बरण्या आणि त्यांच्या मधोमध तुमची एक बरणी, किडे मारायची. काकू भाकरी थापता थापता म्हणतात, "एक दिवस पाव्हण्याच्या ताटात भुंगा वाढते बघा मी." तुम्ही भिंगातून डोळा न काढता म्हणता, "वाढ. पाव्हणा परत यायचा न्हाई, तुझंच काम हलकं." जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही आम्हाला मराठीही शिकवायचे आणि विज्ञानही, कारण दुसरे मास्तर कायम रजेवर. त्यामुळं आमच्या डोक्यात ते दोन विषय कधी वेगळे झालेच नाहीत. कविता म्हणताना तुम्ही मध्येच थांबायचे आणि विचारायचे, या ओळीतलं पाखरू कोणत्या झाडावर बसलं असेल? आणि डोंगरात नेल्यावर सागाचं जाळी झालेलं पान उन्हात धरून म्हणायचे, वाच. काय वाचायचं ते आम्हाला कळायचं नाही. मला वाटायचं, मला कळलं.

खोकी तुम्ही चहाच्या पेट्यांच्या फळ्यांतून करून घेतली होती. तळाला टाचणी रुतेल असं मऊ भेंड, बाशिंगं करणाऱ्याकडून आणलेलं. टाचण्या शाळेच्या दप्तरातल्या. प्रत्येक किड्याखाली चिठ्ठी: झाड कोणतं, डोंगराची कोणती बाजू, महिना, आणि शेवटी एखादी ओळ, जी शास्त्रातही बसत नाही आणि कवितेतही नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही ती सगळी माझ्या हवाली केली. मी तेव्हा वनकीटकांच्या संशोधनात नोकरीला लागलो होतो, साहेब झालो होतो. तुम्ही खोक्यांना दोरी बांधता बांधता म्हणालात, "ध्यानात ठेव. वर्सातून दोनदा उघडायची. मिरग लागायच्या आधी एकदा, थंडीत एकदा. डांबरगोळ्या बदलायच्या. मेलेल्या किड्याला जित्तं किडं खातंय." मी म्हणालो, "गुरुजी, हे मला शिकवता काय?" तुम्ही दोरीची गाठ आवळली आणि म्हणालात, "तुलाच शिकवून राहिलो. ज्याला येतंय तोच इसरतो."

मी कुठं कुठं हिंडलो, तुम्हाला काय सांगू. वर्षाला चार-चार परिषदा. एका गावी सागाची पानं खाणारी अळी, दुसऱ्या गावी चंदनाचा रोग, तिसऱ्या गावी रोपवाटिकेतली वाळवी. गळ्यात नावाचा बिल्ला, हातात कापडी पिशवी, पिशवीत कोरी वही. संध्याकाळी जेवणानंतर मंडळी मला आग्रह करायची आणि मी शाळेतल्या कविता म्हणायचो, पाचवीपासूनच्या, एक शब्द न चुकता. त्या कवितांनी माझं जितकं नाव झालं तितकं माझ्या निबंधांनी झालं नाही. एकदा तुम्हीही आला होतात, रेल्वेत रात्रभर बसून, माझं भाषण ऐकायला. शेवटच्या रांगेत बसलात. बाजूच्या शास्त्रज्ञानं आपण कोण म्हणून विचारलं तर मीच मध्ये बोललो, "आमच्या गावाकडचे आहेत." जेवणाच्या रांगेत तुम्ही मला हळूच विचारलंत, "एवढे लोक हितं जमले, मग झाडाकडं कोण बघून राहिलं?" मी हसलो. तुम्ही हसला नव्हतात, हे मला आता आठवतं.

खोकी माझ्याबरोबर बदलीच्या गावांना गेली. पहिली दोन वर्षं मी गोळ्या बदलल्या. मग एका मिरगाला परिषद होती, थंडीत परीक्षक म्हणून जायचं होतं, पुढच्या साली बहिणीचं लग्न. एका कार्यशाळेत मी नव्या मुलांना दीड तास शिकवलं, कीटकांचा संग्रह कसा टिकवावा, आणि तेव्हा तुमची खोकी माझ्या घरी पलंगाखाली सहा वर्षं बंद होती. निवृत्त होऊन हिंगोलीला घर केलं तेव्हा एकदा दुपारी मी ती उघडली. पहिल्या खोक्यात तपकिरी भुकटी होती. भुकटीत बारीक केसाळ अळ्यांच्या काती. मला वाटलं, एखादंच खोकं असेल. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सातवं उघडेपर्यंत मी खाली फरशीवर बसलो होतो. बायकोनं विचारलं, कसला वास येतोय. म्हणालो, जुन्या कागदांचा.

मग एका मुलीचा फोन आला. औंढ्याकडच्या डोंगरातल्या एका तांड्यावरची पोरगी, घरातली पहिली शिकलेली, वनरोगांवर संशोधन करते. तिची आई आयुष्यभर धावड्याचा डिंक गोळा करत आली. ती म्हणाली, "सर, आमच्या तांड्यावरच्या धावड्याचे शेंडे वाळून राहिले. सालीखाली किडा आहे, पिवळ्या पट्ट्यांचा. बाहेरून एक मोठे शास्त्रज्ञ आले होते. ते म्हणतात, हा नवीन आहे, बाहेरून आला, सगळी झाडं तोडून जाळा. आणि आई म्हणते, तिच्या लहानपणी असंच झालं होतं. आईचं कोण ऐकतं? पण तुमच्या गुरुजींचा संग्रह तुमच्याकडं आहे म्हणे. त्यात हा किडा असला तर तो जुना आहे, इथलाच आहे, एवढं सिद्ध होतं. मग झाडं वाचतात, सर." गुरुजी, तिनं पिवळे पट्टे म्हटल्याबरोबर मला तो दिसला. सातवं खोकं, वरून दुसरी ओळ. तुम्ही तो मला भिंगाखाली दाखवला होता. मी उठून चिठ्ठी शोधली. ती शाबूत होती. धावडा, सालीखाली, डोंगराची उगवती बाजू. आणि खाली तुमची ओळ: तीन वर्षं होता, यंदा नाही, झाडं फुटली.

तोडीचा निर्णय घ्यायची बैठक हिंगोलीतच होती, माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. टेबलांवर पांढरी कापडं, बिस्किटांच्या बशा. मला ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणून पहिल्या रांगेत बसवलं आणि सुरुवातीला दोन शब्द बोलायला लावलं. मी झाडांवरची एक जुनी कविता म्हटली, सहावीच्या पुस्तकातली, सगळी कडवी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "काय स्मरणशक्ती आहे सरांची." मग बाहेरच्या शास्त्रज्ञांनी पडद्यावर नकाशे दाखवले. मग ती पोरगी उभी राहिली. ती नीट बोलली. म्हणाली, "या भागातला जुना नमुना सरांकडं आहे. सरांनीच सांगावं." सगळे माझ्याकडं वळले. चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, मी ती घेऊनच गेलो होतो. पण चिठ्ठी दाखवली की पुढचा प्रश्न येणार, किडा कुठाय? आणि मला सांगावं लागणार की चाळीस वर्षं कीटकशास्त्र केलेल्या माणसाच्या पलंगाखाली त्याच्या गुरुजींचा संग्रह किड्यांनी खाल्ला. अध्यक्ष म्हणाले, "सर, होता का असा किडा तुमच्या पाहण्यात?" मी म्हणालो, "आता नक्की आठवत नाही. वय झालं." कुणीतरी समजुतीनं हसलं. पोरीनं पुढ्यातले कागद जुळवले. मग बसली.

पंधरा दिवसांत तोड सुरू झाली. मी तांड्यावर गेलो. काहून गेलो, माहीत नाही. उगवतीच्या उतारावर धावड्याचे बुंधे ठेवले होते आणि खाली जाळ होता. तिची आई दगडावर बसली होती, डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून. मला तिनं ओळखलं नाही, खात्याचा माणूस समजली. म्हणाली, "साहेब, एक विचारू का? तुमच्यात माणूस बिमार पडला तर जाळतेत का हो?" मी जाळाकडं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "व्हय, तुमाला तकलीफ नको. मी आपलं विचारलं." मावळतीच्या बाजूचा एक पट्टा तेवढा राहिला, तिकडं ट्रक जायला वाट नव्हती. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला त्या पट्ट्यातले धावडे फुटले. तांबूस कोवळी पानं, खालपासून शेंड्यापर्यंत. पोरीनं फोटो पाठवला, खाली एकच वाक्य, किडा गेला सर, आपोआप गेला. तो फोटो मी किती वेळा उघडला असेल. उघडतो आणि त्या झाडांच्या मागं उगवतीचा उतार किती दिसतो ते बघतो. दिसतो. नुसती माती आहे.

तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात, पाठांतर म्हणजे स्मरण न्हाई. फळ्याकडं पाठ करून म्हणाला होतात, आम्ही वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत येईल म्हणून. मला अजूनही सगळ्या कविता येतात, गुरुजी. पहाटे जाग आली की एकामागून एक येत राहतात आणि आता मला त्या नको असतात. परिषदांची निमंत्रणं अजून येतात. चिठ्ठ्या मी एका पाकिटात घातल्या. रिकामी खोकी विकली नाहीत, जाळलीही नाहीत, गच्चीवर आहेत, त्यांत बायकोनं कोथिंबीर लावली आहे.

ती पोरगी महिन्यातून एकदा येते. माझ्या पायाची चौकशी करते, कनेरगाव नाक्यावरून येताना ढाब्यावरचा चिवडा आणते, कारण एकदा मी तो चांगला म्हणालो होतो. बैठकीबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. तिला वाटतं, म्हातारा विसरला, त्यात त्याचा काय दोष. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "सर, खोकी एकदा बघायची होती." मी सांगितलं, पुण्याकडं एका संग्रहालयाला दिली. ती म्हणाली, "चांगलं केलं. तिथं सांभाळतील." हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं की ते तुमच्या नावानं लिहायचं आणि तिच्या हातात द्यायचं. ती वाचेल, चिठ्ठी बघेल, राहिलेल्या पट्ट्यासाठी तरी तिला ती उपयोगी पडेल. पण मला ती माहीत आहे. ती ओरडणार नाही. कागद घडी घालून परत देईल आणि म्हणेल, असू द्या, सर. म्हणून देणार नाही, गुरुजी. तिच्या त्या 'असू द्या'ची मला भीती वाटते.