पुढच्या सीटवरचे नाव

निर्मळ,
बुधवार, सकाळ

प्रिय रीमाताई,

तू नाशिकला गेल्याला दोन वर्षे झाली. या काळात मी तुला एकही पत्र लिहिले नाही आणि आज लिहिते आहे तेही तक्रार घेऊन, याबद्दल आधीच क्षमा मागते. तुझ्या वडिलांनी, आग्नेलकाकांनी, तुमच्या घरामागच्या शेडमध्ये बांधलेले ते बिनछताचे विमान अखेर उडाले. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत आम्ही अकरा दिवसांत, नऊ मुक्काम करून पोहोचलो. मागच्या सीटवर काका होते, पुढच्या सीटवर मी. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर दहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये सत्कार आहे. नाक्यावर फलक लागला आहे, 'पिता-कन्येची आकाशसफर'. त्यावर काकांच्या नावाशेजारी तुझे नाव आहे.

चूक छापणाऱ्याची नाही. पहिल्या मुक्कामी, अकोल्याला, चहा देताना तिथल्या चौकीदाराने काकांना विचारले, "लेक का तुमची?" काका गॉगल पुसत होते. 'हो' म्हणाले. परक्या माणसाला आमच्या शेजारपाजाऱ्यांची ओळख कशाला सांगत बसायचे, असे मला वाटले. दुसऱ्या मुक्कामी कोणी नाव विचारले, तेव्हा काका म्हणाले, रीमा. मी तिथेच बोलायला हवे होते. पण तू मला ओळखतेस. शाळेत उत्तर येत असूनही बाईंनी नाव घेईपर्यंत मी हात वर करत नसे. मी कपातल्या चहाकडे पाहत राहिले. कागदपत्रांवर माझेच नाव होते, परंतु सत्काराला जमणारी माणसे कागदपत्रे वाचत नाहीत. पुढे प्रत्येक धावपट्टीवर मी रीमा झाले. आमच्या वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचे पुडे मी यजमानांसाठी बरोबर नेले होते. तेही 'रीमाने आणलीत' म्हणून वाटले गेले. शेवटच्या मुक्कामी एका बातमीदाराने हे सगळे लिहून घेतले आणि छापले. सत्कार करणारे मंडळ बाहेरचे, त्यांनी ती बातमी वाचूनच फलक केला; आळीला खरे ठाऊक आहे, पण काकांपुढे ते कोणी काढत नाही.

मी काय केले, हे निदान तुला तरी ठाऊक असावे. दुसऱ्या दिवशी हेडफोनची वायर निकामी झाली. मागून काका काय ओरडतात ते वाऱ्यात मला ऐकू येत नसे आणि माझा आवाज तर तुला माहीतच आहे. मग मी बाजारातून शाळेची पाटी विकत घेतली. मांडीवर नकाशा दोरीने बांधून ठेवायचा, खालची नदी, रेल्वेचा रूळ, साखर कारखान्याचे धुराडे ओळखायचे आणि पाटीवर लिहून ती डोक्यावर उंच धरायची: 'पूल उजवीकडे', 'अजून वीस मिनिटे'. बोटे इतकी गारठत की खडू पकडला आहे की नाही ते पाहून खात्री करावी लागे. एकदाही रस्ता चुकला नाही. काकांनी प्रत्येक वेळी मागून खांद्यावर दोन थापा मारल्या, म्हणजे समजले. त्या थापांवर मी समाधान मानायला हवे होते असे आई म्हणते. मला नाही मानता येत.

बाबांचे तर विचारूच नकोस. सत्काराच्या हारांची ऑर्डर आमच्याकडेच आली आहे, सात हार, शेवंतीचे. काल संध्याकाळी पडवीत बसून ते दोरा मापत होते. मी समोर पुस्तक धरून बसले होते. वर न पाहता म्हणाले, "विमानात बसली माझी पोरगी, आनि फलकावर नाव दुसऱ्याच्या पोरीचं. बरं आहे. हा सातवा कोनाच्या गळ्यात घालायचा, तेवडं सांग म्हंजे झालं." आई म्हणाली, "गप करा हो, आग्नेलभाऊ ऐकतील." बाबा म्हणाले, "ऐकू दे की. विमानात ऐकू येत नव्हतं, पडवीत तरी येईल." मला जायची परवानगी द्यायला याच माणसाने तीन महिने लावले होते. या रागापेक्षा तो नकार सोसायला सोपा होता.

आता जे सांगते ते काकांनी मला सांगितलेले नाही. मी ते पाहिले आहे. तुमचे भांडण कशावरून झाले ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. डाव्या पंखाचे कापड तू शिवलेस आणि टाक्यांच्या गाठी घातल्यास त्या अर्नाळ्याच्या पुतळाबाई जाळे दुरुस्त करताना घालतात तशा. पुस्तकात तशी गाठ नव्हती. तू कामावर गेलेली असताना काकांनी ते सगळे उसवले, 'विमान म्हणजे कोळ्याचे जाळे नव्हे' असे म्हणाले आणि पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे पुन्हा शिवले. आठवड्याने तू बॅग भरलीस. पण त्यांनी सगळे उसवले नव्हते, ताई. माझ्या सीटजवळची हातभर पट्टी तशीच राहिली होती.

गोंदियाला उतरण्याआधी तासभर वाऱ्याने आम्हांला अक्षरशः आपटले. उतरून पाहतो तो डाव्या पंखाखाली कापड फुगलेले, चार ठिकाणी टाके तुटलेले. चारही ठिकाणचे टाके काकांचे. तुझ्या हातभर पट्टीतला एकही टाका हललेला नव्हता. काका पंखाखाली उकिडवे बसले आणि त्या पट्टीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सुई काढली. पुस्तक पिशवीतच राहिले. तुझी एक गाठ पाहायची, एक घालायची, पुन्हा पाहायची, असे करत त्यांनी दुपारभर सगळा पंख नव्याने शिवला. मी दोरा मेण लावून देत होते. संध्याकाळी तिथल्या माणसाने विचारले, 'हे शिवण कोणाचे?' काका म्हणाले, "माझ्या मुलीचं." त्या दिवशी मात्र ते खोटे बोलले नाहीत.

म्हणून माझी पंचाईत आहे. रविवारी मला मंचावर बोलावणार आहेत. मी भाषण लिहिले आहे, पाठही केले आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य 'मी स्वप्नाली काळूराम' असे सुरू होते. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलणार आहे आणि ते मी गाळणार नाही. पण मी नाव उच्चारले की त्याच क्षणी सगळ्या हॉलसमोर काकांची मुलगी विमानात नव्हती आणि सत्कारालाही आलेली नाही, हे उघडे पडेल. माझ्या नावासाठी त्यांची मान खाली जावी असे मला वाटत नाही आणि त्यांच्या मानेसाठी माझे नाव जावे हेही मला आता सोसवत नाही. यातून मार्ग काढणे माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. रविवारी नाशिकहून सकाळची पहिली बस धरलीस तरी उशीर होईल, म्हणून शनिवारीच ये. यायचे नसेल तर निदान शनिवारी त्यांना फोन कर आणि गोंदियाचे तुला कळले आहे एवढेच सांग. पुढचे ते स्वतःच बोलतील असे मला वाटते. बाबांना मी आज सकाळी आठवा हार करायला सांगितला आहे. त्यांनी कोणासाठी ते विचारले नाही, नुसती फुले पुढे ओढली.

तुझ्या जागेवर बसून गेलेली, पण तुझीच,
स्वप्नाली