सेक्टर सहातला पेरू

प्रिय गुंजनचे बाबा,

पत्र पाहून घाबरू नका, इथे सगळं छान आहे. फोन केला की तुम्ही स्पीकर लावता आणि शेजारचे पंजाबरावही मधूनमधून हुंकार भरतात, म्हणून कागद घेतला. शिवाय मी निघाले होते ती रागावून. राग गेल्याचं स्पीकरवर कसं सांगायचं?

गुंजनच्या खोलीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. अलीकडे पेरू आणि सीताफळांच्या बागा, पलीकडे टेकडीपर्यंत द्राक्षांच्या ओळी. हवा अशी की दुपारी दोन वाजताही पदर डोक्यावर घ्यावा लागत नाही. पहिल्याच दिवशी पहाटे उठून मी दोन्ही बादल्या, हंडा, झाकणाची पातेली, अगदी पोरीचा थर्मासही पाण्याने भरून ठेवला. आपल्या सेक्टरसारखा इथेही नळ जाईल ना! गुंजन उठली आणि पोट धरून हसली. म्हणे, आई, समोर अख्खं धरण आहे आणि तू सेक्टरचं पाणी भरून राहिली. इतक्या वर्षांची सवय, ती काय गाडीत विसरून येते? दुसऱ्या दिवशीही मी भरलंच, फक्त थर्मास सोडला.

मग ती मला तिच्या वायनरीत, म्हणजे वाइनच्या कारखान्यात, घेऊन गेली. कॅम्प-१ मधल्या वन्सं विचारतात तेव्हा आपण 'फळांची कंपनी' म्हणून वेळ मारून नेतो, पण पोरीचा तिथला मान पाहून मला आपलीच लाज वाटली. पांढरा कोट घालून ती त्या उंच टाक्यांमधून फिरते, नळी लावून थोडंसं काढते, वास घेते, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. तुम्ही मिलमध्ये नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखता, तसंच तिचं नाक आहे. हे तुमच्याकडूनच आलंय, माझ्याकडून नाही.

पाहुण्यांना तिथे चार पेल्यांत थोडी थोडी वाइन देतात. लोक एक घोट घेतात आणि उरलेली समोरच्या भांड्यात ओततात. मला ते बघवेना. कुणी प्रेमाने दिलेलं असं टाकतात का? मी माझे चारही पेले संपवले, वर गुंजनचे दोन. पहिली आंबट लागली, शेवटची मात्र बरी होती. त्यानंतर मी म्हणे सगळ्यांना आपल्या मागच्या अंगणातल्या पेरूची गोष्ट सांगत बसले. आतून गुलाबी निघतो, पंजाबरावांची नातवंडं भिंतीवरून चोरतात, आणि जानेवारीत तुम्ही रिटायर झालात की क्वार्टरसोबत तोही कंपनीकडे जाणार. मी रडले नाही असं गुंजन सांगते. थोडी रडले असेन.

त्या झाडावरूनच तर आपलं बिनसलं. रिटायर झाल्यावर राहायला उतईला बांधताय त्या घराचा स्लॅब टाकून झाला, तुम्ही हौसेने पेढे आणले, आणि मी म्हटलं, मी येणार नाही. तेव्हा तुम्ही खुर्चीत बसत हळूच म्हणालात, "झाड कंपनीचं हाय दुर्गा, आपलं नाई. घर बांधून राहिलो ना तुयासाठी, आनखी काय करू सांग." तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. मी सरळ बॅग भरली.

गुंजनच्या घरमालकीण वंदनाताई त्या दिवशी वायनरीतच होत्या. हसऱ्या आहेत, बोलतात भरपूर. त्यांनी माझं रडगाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि दुसऱ्या सकाळी मला आपल्या बागेत नेलं. तिथे पेरूच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पुड्या बांधलेल्या होत्या. एक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. आत ओल्या शेवाळात पांढरी मुळं धरली होती, फांदी अजून झाडावरच असताना. त्या म्हणाल्या, "झाड राहू द्या की तिथंच. त्याची फांदी न्या. फळ तेच लागतं." मी ती मुळं किती वेळ बघत उभी होते, कोण जाणे. मग घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तर आता काम ऐका, त्यासाठीच हे पत्र. पेरूची पेन्सिलएवढी जाड फांदी बघा, पूर्वेकडच्या अंगाची. धारदार सुरीने बोटभर रुंदीचं सालीचं कडं गोल काढा. पाना-हातोडा नको, फांदी म्हणजे नटबोल्ट नव्हे. वर ओलं शेवाळ बांधून प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट करा. याला गुटी म्हणतात. अशा चार-पाच बांधा, दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतील. मी पोळ्याच्या आधी येतेच. उतईला स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जागा सोडा, तिथे स्कूटर लावायची नाही. आणि एक सांगायचं राहिलंय. लग्नानंतर तुमसरहून येताना तुम्ही गोंदिया स्टेशनवर उतरून माझ्यासाठी एक पेरू घेतला होता. समोर सासूबाई बसलेल्या, मला खायला लाज वाटली, मी तो पदरात बांधून आणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेल्यावर मागच्या दारात बसून एकटीने खाल्ला आणि बिया तिथेच पुरल्या. हे झाड पोपटाने टाकलेल्या बीचं आहे, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता आणि मी गप्प हसते. तो पोपट मीच.

तुमचीच, उतईला येणारी,
दुर्गा