राणीचा दाखला

मंगळवार, सांजंला

अमेरिकेतनं राणीचा, नातीचा, फोन आला. दुसऱ्या कॉलेजानं तिला कुस्तीसाठी घेतलं. न्हाईतर गाशा गुंडाळून इस्लामपूरला यायची पाळी हुती.

जुन्या कॉलेजातला वस्ताद वजन उतरव म्हणून पोरीला उपाशी ठेवायचा, म्हणून पंधरा दिसांमागं तिनं ते कॉलेज सोडलं. उपास शिकवायला वस्ताद कशाला लागतो? "पर त्यानं दाखलाच अडवला तर?" मी इचारलं. माजा मास्तरनं अडवला, तितंच माजी शाळा संपली.

"आज्जे, हितं दाखला अडवत न्हाईत. नव्या कोचबाई म्हणल्या, आदी पोटभर जेव, मग वजन बघू."

"बाई शाणी दिसती," मी म्हणलं.

आज दोन भाकरी खाल्ल्या. पंधरा दिस घास उतरत न्हवता. सुनंला पित्त म्हणून सांगितलं हुतं.